भिन्नमताची प्रत

तीन वर्षं मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. बिनपगारी काम, वर शिव्या. त्यात सगळ्यात मोठा वैताग इतिवृत्ताच्या वहीचा. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम कोणाला दिलं, दरपत्रकं किती आली, कमी दराचं का नाकारलं, विरोधात कोण होतं, सगळं लिहायचं. एक निवृत्त बँक अधिकारी प्रत्येक सभेत हात वर करून "माझा विरोध नोंदवून घ्या" म्हणायचे आणि पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचलं जाताना आपलं वाक्य शब्दाला शब्द आलंय का, ते तपासायचे. मी मनात म्हणायचो, काका, गच्ची गळतेय, तुम्ही वाक्याचं काय घेऊन बसलात! दुसऱ्याच पावसाळ्यात ते वॉटरप्रूफिंग सुटलं तेव्हा सगळ्यांनी वही मागितली. काकांचं म्हणणं त्या पानावर जसंच्या तसं होतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये ती वही पुन्हा आठवली. २५ तारखेला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदानं, म्हणजे सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठतम न्यायाधीश यांच्या कॉलेजियमनं, दोन नावांची शिफारस केली. एक मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे, दुसरे पाटणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती विपुल पांचोली. पांचोली यांच्या नावाला न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी लेखी विरोध केल्याच्या बातम्या सगळ्या वर्तमानपत्रांत आल्या. न्यायालयाच्या संकेतस्थळावर जे आलं त्यात मात्र नावं होती. कारणं नव्हती आणि विरोधाचा तर उल्लेखही नव्हता. चौथ्या दिवशी दोघांचा शपथविधी झाला.

पांचोली योग्य की अयोग्य, हे सांगायला मी बसलेलो नाही. मला ते ठरवता येत नाही, आणि नेमकी हीच माझी तक्रार आहे. ज्येष्ठतेची प्रथा पाळली गेली तर २०३१ मध्ये ते देशाचे सरन्यायाधीश होतील. त्यांना निवडणाऱ्या पाच जणांपैकी एका न्यायाधीशाला काहीतरी गंभीर म्हणायचं होतं, एवढं आपल्याला कळलं. काय म्हणायचं होतं, ते कळलेलं नाही.

ज्या संस्थेत हे घडतं ती भिन्नमतावर वाढलेली संस्था आहे. साध्या जमिनीच्या वादातही पीठातल्या एका न्यायाधीशाचं मत वेगळं असेल, तर ते निकालाच्या बहुमताइतक्याच आदरानं छापलं जातं. २८ एप्रिल १९७६ चा एडीएम जबलपूरचा निकाल घ्या. आणीबाणीत स्थानबद्ध झालेल्या माणसाला न्यायालयात दादही मागता येणार नाही, असं चार न्यायाधीशांनी सांगितलं. नऊ उच्च न्यायालयांनी उलट निर्णय दिलेले असताना सांगितलं. पाचवे हंसराज खन्ना. त्यांनी एकट्यानं नकार लिहिला. आज त्या निकालातलं बहुमत कोणी अभिमानानं उद्धृत करत नाही. त्या चौघांत यशवंत चंद्रचूड होते, आणि २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनीच वडिलांचा तो निकाल चुकीचा ठरवला. खन्नांचं मत छापलेलं नसतं तर? ते त्या पाच जणांच्या दालनातच राहिलं असतं आणि इतिहासात पाच-शून्य अशी नोंद झाली असती.

खन्नांनी त्या कागदाची किंमतही मोजली. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून मिर्झा हमीदुल्ला बेग यांना सरन्यायाधीश केलं गेलं. खन्नांनी राजीनामा दिला. त्याआधी, एप्रिल १९७३ मध्ये, केशवानंद भारती खटल्याचा, म्हणजे घटनेची मूलभूत चौकट संसदेलाही बदलता येणार नाही असं सांगणारा, निकाल लागला आणि लगोलग शेलत, हेगडे आणि ग्रोवर या तिघांना मागे सारून अजितनाथ राय यांची सरन्यायाधीशपदी नेमणूक झाली. आपल्या महाराष्ट्रातलं एक उदाहरण या मोठ्या नावांच्या सावलीत झाकलं जातं. उमेश रंगनाथ ललित मुंबई उच्च न्यायालयात अतिरिक्त न्यायमूर्ती होते. आणीबाणीत पकडलेल्या तरुणांना त्यांनी जामीन दिला. मुदत संपली तेव्हा त्यांना कायम केलं गेलं नाही. कारण कोणी लिहून दिलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, तरी कागदावर कुठेच नव्हतं. पुढे त्यांचे पुत्र उदय ललित थेट वकिलीतून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०२२ मध्ये ७४ दिवसांसाठी सरन्यायाधीश झाले.

हे सगळं आठवतं म्हणूनच सरकारच्या हातात नेमणुका द्यायला मन धजत नाही. माझंही धजत नाही. पण न्यायवृंदाचे समर्थक १९७३ आणि १९७७ चं नाव घेऊन जिथे थांबतात, तिथे थांबायला मी तयार नाही.

घटनेच्या कलम १२४ मध्ये शब्द आहे 'सल्लामसलत'. राष्ट्रपती नेमणूक करतील, आणि सरन्यायाधीशांखेरीज अन्य न्यायाधीशाची नेमणूक असेल तर सरन्यायाधीशांचा सल्ला घेतील. मे १९४९ मध्ये घटना समितीत काही सदस्यांनी सुचवलं की सरन्यायाधीशांची 'संमती' लागावी. डॉ. आंबेडकरांनी ते नाकारलं. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: सरन्यायाधीश मोठा माणूस असतो यात शंका नाही, पण शेवटी तोही माणूस, आपल्या सगळ्यांत असतात ते दोष, त्या भावना, ते पूर्वग्रह त्याच्यातही असतात. जो नकाराधिकार आपण राष्ट्रपतीला किंवा सरकारला द्यायला तयार नाही, तो त्याला देणं धोक्याचं आहे.

१९८१ मध्ये सात न्यायाधीशांनी सल्लामसलतीचा अर्थ शब्दशः घेतला आणि शेवटचा शब्द सरकारचा ठरवला. १९९३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठानं तोच शब्द उलटा वाचला: सल्लामसलत म्हणजे संमतीच. न्यायवृंद तिथे जन्मला. त्या खटल्यात न्यायालयीन स्वातंत्र्याच्या बाजूनं लढून जिंकलेले फली नरिमन यांनी पुढे आत्मचरित्रात लिहिलं की हा खटला आपण हरलो असतो तर बरं झालं असतं. जिंकलेल्या वकिलाला असं वाटावं, ही गोष्ट मला कुठल्याही टीकाकाराच्या लेखापेक्षा बोलकी वाटते.

मग आलं १९९८. राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी न्यायालयाचं मत मागवलं आणि न्यायालयानं आपल्याच व्यवस्थेची घडी बसवली. न्यायवृंद तीनाऐवजी पाच जणांचा झाला. पण त्या मतात आणखी एक गोष्ट होती आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. न्यायवृंदातल्या प्रत्येक सदस्याचं मत लेखी असावं आणि ती मतं शिफारशीसोबत सरकारकडे जावीत, असं न्यायालयानं सांगितलं. पाचांपैकी दोघांनी सबळ कारणं देऊन जोरदार विरोध केला, तर सरन्यायाधीशांनी ते नाव पुढे रेटू नये, अशीही अपेक्षा व्यक्त केली.

हे वाचल्यावर माझा या सगळ्या वादाकडे पाहण्याचा कोनच बदलला. तोवर मी समजत होतो की न्यायवृंदात चहा पिता पिता तोंडी ठरत असावं. तसं नाही. कागद आहे. विरोध असेल तर तो लिहिला जाणं अपेक्षित आहे, आणि तो सरकारला पाठवला जाणंही. न्यायालयाचं स्वातंत्र्य ज्या सरकारपासून जपायचं म्हणून ही सारी व्यवस्था उभी केली, त्या सरकारच्या टेबलावर भिन्नमताची प्रत जाते. लपवली जाते ती तुमच्या-माझ्यापासून.

म्हणून 'नेमणुका कोणी कराव्यात' हा गेली पन्नास वर्षं चाललेला तंटा मला आता कंटाळवाणा वाटू लागला आहे. सरकार की न्यायाधीश, या प्रश्नाचं कोणतंही उत्तर दिलं तरी वही बंदच राहणार असेल, तर आपण फक्त किल्ली कोणाच्या खिशात राहावी यावर भांडतो आहोत.

वही बंद असली की काय होतं, त्याची उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. १२ डिसेंबर २०१८ ला न्यायवृंदाची बैठक झाली आणि काही निर्णय झाले. त्यानंतर न्यायमूर्ती मदन लोकूर निवृत्त झाले, त्यामुळे न्यायवृंदातला एक माणूस बदलला. १० जानेवारी २०१९ ला नव्या न्यायवृंदानं आधीच्या चर्चेतली नावं बाजूला ठेवून दिनेश माहेश्वरी आणि संजीव खन्ना यांची शिफारस केली. नवीन माहिती समोर आली, एवढंच त्या ठरावात म्हटलं होतं. मागे पडलेल्यांत प्रदीप नंद्राजोग होते, असं बातम्यांत आलं. ते काही महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म्हणून आले आणि तिथूनच निवृत्त झाले. ती 'नवीन माहिती' काय होती? त्यांच्या बाजूची की विरोधातली? निवृत्त होऊन गेलेल्या माणसालाही या संशयाचं उत्तर देता येत नाही, कारण संशय कोणी लिहिलेलाच नाही. डिसेंबरमधला ठराव संकेतस्थळावर आला नाही म्हणून आपली निराशा झाली, असं खुद्द लोकूर यांनी नंतर सांगितलं. माहितीच्या अधिकारात तो मागितला गेला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये निकाल लागला: सगळ्यांच्या सह्यांचा अंतिम ठराव झालाच नव्हता, त्यामुळे द्यायला काही नाही, चर्चा उघड करता येणार नाही. सरन्यायाधीशांचं कार्यालय माहिती अधिकाराच्या कक्षेत येतं, हा मोठा निकाल याच न्यायालयानं २०१९ मध्ये दिला होता. दार उघडं आहे, पण आत काही सापडणार नाही, असा एकूण प्रकार.

दुसरं उदाहरण नागपूरचे शरद बोबडे सरन्यायाधीश असतानाचं. नोव्हेंबर २०१९ ते एप्रिल २०२१, सुमारे १७ महिने. या सबंध काळात सर्वोच्च न्यायालयात एकही नवा न्यायाधीश आला नाही. जागा रिकाम्या होत्या, खटले साचत होते. न्यायमूर्ती अकिल कुरेशी यांच्या नावावरून न्यायवृंदात एकमत होत नव्हतं, असं तेव्हा छापून येत होतं. कुरेशींसाठी आग्रही असल्याचं सांगितलं जात होतं ते न्यायवृंदातले न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन १२ ऑगस्ट २०२१ ला निवृत्त झाले आणि पुढच्या आठवड्यातच नऊ नावांची शिफारस झाली. त्यात कुरेशी नव्हते. ३१ ऑगस्टला नऊ जणांनी एकाच दिवशी शपथ घेतली, त्यात तीन महिला. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण सतरा महिने देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची भरती कशामुळे अडली, याची अधिकृत ओळ एकही नाही. तलाठ्याची भरती अडली की निदान मोर्चा तरी निघतो.

तिसरं उदाहरण उलट बाजूचं, आणि म्हणून मला आवडतं. सप्टेंबर २०२२ ची अखेर. सरन्यायाधीश ललित यांची मुदत संपत आलेली. बैठक ठरली, पण धनंजय चंद्रचूड त्या दिवशी रात्री नऊनंतरही न्यायासनावर बसून प्रकरणं ऐकत राहिले आणि बैठक झाली नाही. ललित यांनी मग सदस्यांना पत्र पाठवून चार नावांवर लेखी मत मागवलं. दोघांनी होकार दिला. चंद्रचूड आणि अब्दुल नझीर यांनी पत्रानं मत मागवण्याच्या पद्धतीलाच हरकत घेतली. हा सगळा मामला न्यायवृंदानं एका निवेदनात जाहीर केला: कोणी काय म्हटलं, कोणत्या तारखेला म्हटलं, हरकत नावांना नसून पद्धतीला आहे, सगळं. आणि काय झालं? आभाळ कोसळलं नाही. दोन मराठी न्यायाधीशांतला मतभेद चव्हाट्यावर आला म्हणून कोणाची अब्रू गेली नाही. त्या चारांतले तिघे पुढे न्यायाधीशही झाले. तो मतभेद छापता येतो, तर नागरत्नांचा का नाही, हे मला कोणी समजावून सांगावं.

यावरचा नेहमीचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो फालतू नाही. उमेदवाराच्या नावावर काय काय बोललं गेलं हे छापलं तर नाकारल्या गेलेल्या माणसाची बदनामी होईल. उच्च न्यायालयात तो अजून निकाल देत असेल, वकील त्याच्यासमोर उभे राहून मनात हसतील. मान्य. म्हणून नाकारलेल्यांबद्दल काहीच छापू नये, असं मीही म्हणतो. निवडलेल्या माणसाचं मात्र वेगळं आहे. तो आता ६५ व्या वर्षापर्यंत आपल्या सगळ्यांच्या हक्कांवर अखेरचा शब्द बोलणार आहे. त्याच्या निवडीची कारणं आणि त्याच्या निवडीला झालेला विरोध, या दोन गोष्टी पाहण्याचा आपला हक्क त्याच्या संकोचापेक्षा मोठा आहे. विरोधात एखादा अप्रमाणित आरोप असेल तर तेवढा भाग झाकता येईल. तेवढी कात्री न्यायालयं आपल्या निकालांत रोज चालवतात. आणि आपलं भिन्नमत छापलं जाणार हे ठाऊक असलेला न्यायाधीश ते जबाबदारीनं लिहील. कुजबुजीतल्या विरोधाला पुरावा द्यावा लागत नाही, छापील विरोधाला द्यावा लागतो.

सरकारच्या बाजूनं बोलणाऱ्यांना इथवर मजा आली असेल. त्यांच्याकडे वळतो.

सरकारचं हत्यार आहे गप्प बसणं. न्यायवृंदानं नाव दुसऱ्यांदा पाठवलं तर ते सरकारवर बंधनकारक, असं १९९३ पासून ठरलेलं आहे. पण किती दिवसांत? एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयानं सांगितलं, पुन्हा शिफारस झाल्यावर तीन-चार आठवड्यांत. ते कागदावर राहिलं. यादीतली सोयीची नावं चटकन उचलायची आणि गैरसोयीचं एखादं तिथेच कुजवायचं, हा प्रकार जुना आहे. २०१४ मध्ये चार नावांतून गोपाल सुब्रमण्यम यांचं नाव असंच वेगळं काढलं गेलं. त्यांनी स्वतःच माघार घेतली. उत्तराखंडमधली राष्ट्रपती राजवट रद्द करणारे के. एम. जोसेफ यांचं नाव २०१८ मध्ये परत पाठवलं गेलं. ते आले तोवर ज्येष्ठता यादीत मागे पडले होते. आणि ज्येष्ठतेचे दिवस म्हणजे आपल्याकडे सरन्यायाधीशपदाची कुंडली. जन्मतारीख आणि शपथेची तारीख मांडली की कोण कधी आणि किती दिवस सरन्यायाधीश होणार, ते दहा वर्षं आधी सांगता येतं. यशवंत चंद्रचूड सात वर्षांहून अधिक काळ होते, १९९१ मध्ये कमल नारायण सिंह अवघे अडीच आठवडे. फाईल महिनाभर अडवणं म्हणजे ही कुंडली बदलणं.

या गप्प बसण्याला एकदाच चोख उत्तर मिळालं. जानेवारी २०२३. न्यायवृंदानं उच्च न्यायालयांसाठीची काही नावं पुन्हा पाठवताना सरकारचे आक्षेप संकेतस्थळावर छापून टाकले. मुंबईचे वकील सोमशेखर सुंदरेसन यांच्यावरचा आक्षेप असा की त्यांनी समाजमाध्यमांवर प्रलंबित विषयांवर मतं मांडली. न्यायवृंदानं उत्तर दिलं की मत असणं ही अपात्रता नाही. दिल्लीचे सौरभ कृपाल यांच्याबाबत गुप्तचर यंत्रणेच्या पत्राचा हवाला होता: त्यांचा जोडीदार परदेशी नागरिक आहे आणि ते आपलं समलिंगी असणं लपवत नाहीत. तेव्हाचे कायदामंत्री किरेन रिजिजू यांनी गुप्तचर अहवालातला मजकूर असा उघड करणं ही गंभीर बाब असल्याचं म्हटलं. मला गंभीर वाटलं ते त्या मजकुरात लिहिलेलं. तोवर 'सरकारचे काही आक्षेप आहेत' या गोलमोल वाक्यात जे वजन वाटत होतं, ते छापून आल्यावर फुस्स झालं.

कागदानं चमत्कार होतो असा माझा दावा नाही. सुंदरेसन त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. कृपाल झाले नाहीत. पण दोघांच्या बाबतीत आज आपण निदान नेमकेपणानं भांडू शकतो. पांचोलींबाबत किंवा नंद्राजोगांबाबत तेही शक्य नाही.

राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगाबद्दल थोडक्यात बोलतो, कारण त्यावर शाई फार खर्च झाली आहे. २०१४ ची ९९ वी घटनादुरुस्ती संसदेत जवळपास एकमतानं झाली. न्यायवृंदाऐवजी नेमणुका करणारा हा आयोग सहा जणांचा: सरन्यायाधीश, दोन न्यायाधीश, कायदामंत्री, दोन 'नामवंत व्यक्ती'. कोणाही दोघांनी नाही म्हटलं की नाव बाद. नामवंत म्हणजे कोण, हे कायद्यात लिहिलेलं नव्हतं. कायदामंत्री आणि एक नामवंत मिळून तीन न्यायाधीशांना रोखू शकले असते. १६ ऑक्टोबर २०१५ ला चार विरुद्ध एक मतानं ते रद्द झालं, आणि त्या रचनेतल्या त्रुटी पाहता मला त्याचं फारसं दुःख नाही. दुःख पुढच्या गोष्टीचं आहे. चौघांतले कुरियन जोसेफ यांनी नंतर त्या निकालाबद्दल खंत व्यक्त केली. एकटे विरोधात गेलेले जस्ती चेलमेश्वर न्यायवृंदात बसू लागले तेव्हा त्यांनी चर्चेची नोंद ठेवा म्हणून आग्रह धरला, आणि २०१६ मध्ये बैठकांना जाणंच थांबवलं. न्यायालयानंही डिसेंबर २०१५ मध्ये आपल्या पद्धतीत उणिवा असल्याचं मान्य करून नवी कार्यपद्धती आखायला सरकारला सांगितलं. त्यावर दोघांचा पत्रव्यवहार इतकी वर्षं चाललाय. आपली पोरं दहावी होऊन नोकरीला लागली, कार्यपद्धतीचा मसुदा काही ठरला नाही.

मला कधी कधी वाटतं की ठरू नये, यावरच दोघांचं एकमत असावं. आंधळी कोशिंबीर खेळताना डोळ्यांवरची पट्टी दोघांनाही सोयीची असते, फक्त आज राज्य कोणावर एवढंच बदलतं.

दक्षिण आफ्रिकेत घटनात्मक न्यायालयाच्या उमेदवारांच्या मुलाखती न्यायिक सेवा आयोग जाहीरपणे घेतो. लोक दूरचित्रवाणीवर पाहतात. आपल्याकडे हा नमुना जसाच्या तसा आणावा असं मी म्हणणार नाही. २०२१ च्या एप्रिलमधल्या मुलाखती तिथे इतक्या राजकीय आणि बेताल झाल्या की प्रकरण न्यायालयात गेलं आणि त्या पुन्हा घ्याव्या लागल्या. पण त्या वाईट होत्या हे कळलं कसं? सगळ्यांनी पाहिल्या म्हणून. अमेरिकेतल्या सिनेटचं उदाहरण मला नको. निवडणूक आठवड्यावर आलेली असताना एमी कोनी बॅरेट यांना कसं बसवलं गेलं, ते आपण पाहिलं. तिथे सगळं उघड आहे आणि तरीही निवड पक्षाच्या रेषेवर होते. उघडेपणा हा पक्षपातावरचा उतारा नाही. पक्षपात झाला की तो दिसावा, एवढीच माझी मागणी आहे.

लिहिलेल्या कारणांची गरज आणखी एका ठिकाणी भासते. २०१८ ते २०२२ या काळात उच्च न्यायालयांत नेमल्या गेलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के न्यायाधीश खुल्या प्रवर्गातले होते, ही कायदा मंत्रालयानंच संसदीय समितीला दिलेली माहिती. सर्वोच्च न्यायालयात पहिली महिला न्यायाधीश यायला १९८९ उजाडलं, फातिमा बीवी. २०२५ पर्यंत एकूण अकरा, त्यांत आपल्या मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती राहिलेल्या सुजाता मनोहर आणि रंजना देसाई. अमरावतीचे भूषण गवई मे २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले, तेव्हा ते या पदावरचे दुसरे दलित आणि पहिले बौद्ध होते. आपण अभिमानानं फोटो पुढे पाठवले, आणि पाठवावेतच. पण पंच्याहत्तर वर्षांत दुसरे, हा आकडाही त्या फोटोबरोबर पाठवायला हवा होता. असं का झालं, असं विचारलं की उत्तर येतं 'गुणवत्ता'. ठीक. मग ती गुणवत्ता लिहा ना. कोणत्या निकषावर अमुक जण तमुकापेक्षा सरस ठरला, हे दोन परिच्छेदांत लिहायला लागलं की 'आमच्या माहितीतले', 'चांगल्या घरातले' हे निकष आपोआप लाजतील. प्रतिष्ठित विधिज्ञाला, म्हणजे कायद्याच्या अभ्यासकाला, थेट न्यायाधीश करण्याची सोय घटनेत पहिल्या दिवसापासून आहे. ती आजवर एकदाही वापरली गेली नाही. त्याचं कारणही लिहिलेलं कुठे सापडत नाही.

न्यायालयात काहीच हललं नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. ऑक्टोबर २०१७ पासून ठराव संकेतस्थळावर येऊ लागले. २०१९ नंतर त्यांतली कारणं आटली. धनंजय चंद्रचूड सरन्यायाधीश असताना पुन्हा थोडी दिसू लागली. मे २०२५ मध्ये सरन्यायाधीश संजीव खन्ना निवृत्तीच्या उंबरठ्यावर असताना न्यायालयानं उच्च न्यायालयांसाठी शिफारस केलेल्या नावांची मोठी यादी टाकली, त्यात कोणाचं कोणत्या न्यायाधीशाशी नातं आहे, तेसुद्धा. मग ऑगस्ट आला आणि पुन्हा नुसती नावं. म्हणजे वही उघडी ठेवायची की मिटायची, हे त्या वेळी खुर्चीवर कोण आहे यावर. ऑगस्ट २०१७ ते नोव्हेंबर २०२५ एवढ्या काळात आठ सरन्यायाधीश होऊन गेले. आमच्या सोसायटीतही सेक्रेटरी बदलत राहतात, पण वही कशी ठेवायची ते उपविधीत लिहिलेलं असतं. नव्या सेक्रेटरीच्या मर्जीवर नसतं.

त्यामुळे मला हवं आहे ते फार मोठं नाही, आणि घटनादुरुस्तीची वाट पाहायला लावणारंही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं, म्हणजे सगळ्या न्यायाधीशांनी मिळून, एक नियम करावा: शिफारस झालेल्या प्रत्येक नावामागची कारणं आणि त्या नावाला न्यायवृंदात झालेला विरोध, दोन्ही सरकारला पाठवताना त्याच दिवशी जाहीर होतील. सरकारचे आक्षेप आले की तेही. ठरलेल्या मुदतीत सरकारचं उत्तर आलं नाही, तर 'उत्तर आलेलं नाही' हे तारखेसकट छापलं जाईल आणि नाव मंजूर होईपर्यंत दर आठवड्याला छापलं जाईल. १९९८ च्या मतानुसार हे कागद एरवीही तयार होणं अपेक्षित आहे. नवीन काही लिहायचं नाही, फक्त एक प्रत जास्त काढायची.

ज्येष्ठतेची प्रथा मोडली नाही तर सप्टेंबर २०२७ मध्ये न्यायमूर्ती नागरत्ना देशाच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश होतील, जेमतेम पाच आठवड्यांसाठी. तेवढ्या काळात एखादी नवी नेमणूक होईल की नाही, सांगता येत नाही. पण न्यायवृंदाच्या बैठकीत त्या अध्यक्षस्थानी असतील, आणि ऑगस्ट २०२५ मधली त्यांची स्वतःची टिप्पणी त्या दिवशीही कुठल्यातरी फाईलमध्ये असेल.